पैशापैशाचा कारखाना



आमच्या शाळेत दरवर्षी बाल आनंद मेळावा भरतो. तुमच्याही शाळेत भरत असेल. पटांगणात ओळीनं दुकानं लागतात. कुणी भजी तळतं, कुणी भेळ कालवतं, कुणी बोरं-चिंचा घेऊन बसतं. गावातली मोठी माणसं गिऱ्हाईक होतात आणि एरवी वजाबाकीला घाबरणारी पोरंसुद्धा त्या दिवशी सुट्टे पैसे अगदी बरोबर मोजून परत देतात!

आमची शाळा परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. माझ्याकडे चौथीचा वर्ग. यंदा मेळाव्याच्या आठ दिवस आधी मी विचारलं, "कोण कोण दुकान लावणार?" भराभर हात वर झाले. एका मुलीनं मात्र हात अर्धाच वर केला आणि पटकन खाली घेतला. मधल्या सुट्टीत तिला जवळ बोलावलं.

"काय गं, दुकान लावायचंय ना तुला?"

"बाई, मला सुशीला करता येते. आजीनं शिकवलीय. पण सामानाला पैसे नाहीत."

मराठवाड्याबाहेरच्या दोस्तांना सांगते, सुशीला म्हणजे कुणा मुलीचं नाव नव्हे बरं का! चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन पोह्यांसारखा केलेला पदार्थ. वरून डाळव्याचं पीठ, शेंगदाणे, कोथिंबीर. नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं.

या मुलीचे आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ती आजीजवळ राहते. माझा हात पर्सकडे गेला. पण ती म्हणाली, "फुकट नको बाई. मी परत करीन. पण सुशीला नाही विकली तर कुठून परत करू?"

मुलांनो, नऊ वर्षांच्या त्या पोरीनं जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न जगातल्या प्रत्येक नव्या धंदेवाल्यापुढं असतो. धंदा सुरू करायला आधी पैसा लागतो. त्याला भांडवल म्हणतात. बँकेत जावं तर बँक विचारते, 'तारण काय ठेवता?' सावकाराकडं जावं तर तो व्याज मागतो. आणि धंदा बसलाच तर एकटा माणूस पार बुडतो. मग ज्याच्याजवळ नुसतीच कल्पना आणि कष्ट करायची तयारी आहे, त्यानं काय करायचं?

मी हा प्रश्न वर्गापुढं ठेवला. मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या उठून म्हणाला, "बाई, आपण सगळे दहा-दहा रुपये देऊ. पण मला एक द्रोण सुशीला पाहिजे!" सगळा वर्ग हसला. मी मात्र हसले नाही. पोरगं लाख मोलाचं बोललं होतं. त्याच्या त्या बोलण्याला आजकाल 'क्राउड फंडिंग' असं भारदस्त नाव आहे. आपल्याकडचा शब्द सोपा आहे – लोकवर्गणी.

आता गोष्ट इथंच संपली असती. पण तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. "बाई, मागच्या सहलीचे पैसे उरले होते. ते कुठंयत?"

वर्ग एकदम चिडीचूप. माझे कान गरम झाले. खरंच, सहलीच्या वर्गणीतले १४० रुपये उरले होते. त्यातून मी वर्गासाठी रंगीत खडू आणले, एक नकाशा आणला, आणखी काहीबाही आणलं. पण मुलांना सांगितलं नाही, कुठं लिहूनही ठेवलं नाही. पैसे मी खाल्ले नव्हते. पण मुलांना ते कळणार कसं?

त्या संध्याकाळी घरी जाऊन पावत्या शोधत बसले. ९५ रुपयांच्या पावत्या सापडल्या. ४५ रुपयांचा कागद काही सापडेना. दुसऱ्या दिवशी ते ४५ रुपये मी माझ्या पदरचे भरले, सगळा हिशेब फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, "चूक माझी होती. विचारलंस ते फार बरं केलंस." मगच सुशीलेची वर्गणी सुरू झाली.

आणि त्याच तासाला मी त्यांना पैसा फंडाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

गोष्ट आहे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. देशावर इंग्रजांचं राज्य होतं. आपला परभणी जिल्हा तर निजामाच्या राज्यात होता आणि इथं त्याचा 'हाली सिक्का' चालायचा. त्या काळी घरात लागणारं काचेचं सामान बहुतेक परदेशातून यायचं. दिव्याची चिमणी परदेशी, बाटली परदेशी. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि देशभर स्वदेशीची चळवळ पेटली. आपल्या देशात लागणाऱ्या वस्तू आपणच बनवायच्या, असं लोक म्हणू लागले. म्हणायला सोपं, पण कारखाना काढायला पैसा कोण देणार?

अंताजी दामोदर काळे नावाच्या एका गृहस्थांनी याचं उत्तर शोधलं होतं. ते म्हणायचे, श्रीमंतांची वाट कशाला बघायची? प्रत्येक माणसानं वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. एकच पैसा! याच वर्गणीचं नाव पैसा फंड. लोकमान्य टिळकांना ही कल्पना पटली आणि त्यांनी तिला आपलं बळ दिलं. स्वयंसेवक गावोगाव फिरून पैसा-पैसा गोळा करू लागले.

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. तेव्हाचा पैसा म्हणजे आजच्या रुपयाचा शंभरावा भाग नव्हे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. त्याआधी एका रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याचे ४ पैसे. म्हणजे रुपयाचे पैसे किती? बरोबर, ६४. समजा एका गावात २,००० माणसं आहेत. प्रत्येकानं एक पैसा दिला तर जमले ३१ रुपये ४ आणे. एवढ्यात कसला कारखाना होतोय, असं वाटेल. पण देशाची लोकसंख्या तेव्हा ३० कोटींच्या आसपास होती. ३० कोटी पैशांचे रुपये किती होतात, करून बघा. ४६ लाख ८७ हजार ५००! तेही त्या काळातले रुपये.

अर्थात, सगळ्या देशानं काही पैसा दिला नाही. दारोदार जाऊन एक-एक पैसा मागायचा म्हणजे चिकाटीचं काम. मागणाऱ्याला आधी 'हा पैसा कशाला?' याचं उत्तर द्यावं लागतं. पण जे जमलं त्यातून १९०८ साली पुण्याजवळ तळेगाव दाभाडे इथं काचेचा कारखाना उभा राहिला. त्याचं नावच 'पैसा फंड काच कारखाना'.

इथं एक गंमत लक्षात घ्या. नुसता पैसा जमून भागत नाही. काच करायला वाळू, सोडा आणि चुना लागतो आणि भट्टी फार तापवावी लागते. पण वितळलेली काच फुंकून तिची चिमणी करायची कशी? ते येणारा माणूस पाहिजे. तो मिळाला. ईश्वरदास वार्ष्णेय नावाचे उत्तर हिंदुस्थानातले तरुण जपानला आणि अमेरिकेला जाऊन शिकून आले होते. त्यांनी तळेगावचं काम हाती घेतलं. कारखान्यात नुसत्या वस्तू बनवायच्या नाहीत, तर मुलांना काचकामही शिकवायचं, असं ठरलं. म्हणजे तो कारखानाही होता आणि शाळाही.

मग झालं काय, की तळेगावात शिकलेली माणसं ठिकठिकाणी गेली आणि काचेच्या धंद्यात उतरली. ओगल्यांचं नाव तुमच्या आजी-आजोबांना विचारा. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांनी काच कारखाना काढला. त्या गावाला पुढं ओगलेवाडी म्हणू लागले. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. या ओगल्यांचा काचेशी संबंध जुळला तोही तळेगावच्या याच कारखान्यातून. वीज नव्हती त्या काळात कितीतरी मुलांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. कुणीतरी दिलेला एक पैसा कुठून कुठं पोचला बघा!

ही गोष्ट ऐकून वर्गातल्या एकानं विचारलं, "बाई, मग पैसा देणाऱ्याला काय मिळालं? त्याला कंदील फुकट मिळाला का?"

नाही मिळाला. पैसा फंडात दिलेला पैसा ही देणगी होती. देणाऱ्याला परत काही नको होतं. आपल्या देशात काच व्हावी, एवढंच पाहिजे होतं. पण लोकवर्गणीचे आणखीही प्रकार आहेत. मी ते फळ्यावर लिहिले. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

पहिला प्रकार देणगीचा. तो झाला.

दुसरा प्रकार वाट्याचा, म्हणजे शेअरचा. अहमदनगर जिल्ह्यात (आता त्याचं नाव अहिल्यानगर आहे) लोणी नावाचं गाव आहे. तिथल्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना गोळा केलं. ऊस आपला, मग साखर कारखाना दुसऱ्याचा कशाला? शेतकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे शेअर घेतले. सगळाच पैसा त्यातून आला नाही, कर्जही काढावं लागलं. पण शेतकऱ्यांनी आधी स्वतःचा पैसा घातला म्हणून कर्ज देणाऱ्यांचाही विश्वास बसला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. इथं पैसा देणारा शेतकरी हा कारखान्याचा मालकही झाला. फायदा झाला तर त्यात वाटा, तोटा झाला तर त्यातही वाटा!

तिसरा प्रकार आगाऊ खरेदीचा. वस्तू तयार व्हायच्या आधीच तिचे पैसे द्यायचे. 'बाई, मला एक द्रोण पाहिजे' म्हणणारा आमचा पठ्ठ्या या प्रकारातला.

चौथा प्रकार उसनवारीचा. पुष्कळ लोकांनी थोडं-थोडं कर्ज द्यायचं आणि धंदेवाल्यानं ते व्याजासकट फेडायचं. तुमच्या आईच्या बचत गटातही बायका दर महिन्याला थोडे पैसे टाकतात आणि त्यातून एखादीला शिलाई मशीन नाहीतर शेळी घ्यायला कर्ज मिळतं. हे त्याचंच जवळचं भावंड.

एक मजेदार उदाहरण सांगते. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' नावाचा हिंदी सिनेमा आला. गुजरातमधल्या दूध उत्पादकांची ती कहाणी. सिनेमाला पैसा कुणी घातला, ठाऊक आहे? दूध घालणाऱ्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले. झाले १० लाख! सिनेमा लागला तेव्हा हेच शेतकरी ट्रकमध्ये बसून तो बघायला गेले. स्वतःच निर्माते, स्वतःच प्रेक्षक.

आता इंटरनेट आलं आणि वर्गणीची पेटी घेऊन दारोदार फिरायची गरज उरली नाही. २००९ साली अमेरिकेत 'किकस्टार्टर' नावाचं संकेतस्थळ निघालं. नवी वस्तू बनवू पाहणारा माणूस तिथं आपली कल्पना मांडतो, किती पैसे हवेत तो आकडा सांगतो आणि मुदत ठरवतो. मुदतीत तेवढे पैसे जमले तरच ते त्याला मिळतात. नाही जमले तर कुणाचेच पैसे कापले जात नाहीत. आपल्या देशातही २०१० साली 'मिलाप', २०१२ साली 'केटो' अशी संकेतस्थळं सुरू झाली. आपल्याकडं त्यांचा उपयोग जास्त करून आजारपणाच्या मदतीसाठी होतो.

पण थांबा. ऐकायला गोड वाटतं म्हणून लगेच बाबांचा मोबाईल घेऊन बसू नका!

किकस्टार्टरवर २०१२ साली 'पेबल' नावाच्या हातातल्या घड्याळासाठी १ लाख डॉलर मागितले होते. जमले १ कोटी डॉलरच्या वर! जवळजवळ ६९,००० लोकांनी पैसे दिले. घड्याळं लोकांना मिळाली, पण सांगितल्यापेक्षा उशिरा. आणि २०१६ साली ती कंपनी बंदही पडली. म्हणजे पुष्कळ लोकांनी पैसे दिले, एवढ्यावरून धंदा टिकतोच असं नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी २०१५ साली तपासून पाहिलं, तर किकस्टार्टरवर पैसे जमलेल्या दर १०० कामांपैकी सुमारे ९ कामांत लोकांना कबूल केलेली वस्तू मिळालीच नव्हती. काहींचा अंदाज चुकला, काहींना काम जमलं नाही. दरवेळी लबाडीच असते असं नाही, पण देणाऱ्याचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून देणाऱ्यानं चार प्रश्न विचारायचे. मागणारा कोण आहे? पैसे नक्की कशाला हवेत? काम फसलं तर माझ्या पैशांचं काय होईल? आणि हिशेब कुठं बघायला मिळेल? या चार प्रश्नांना जो रागावतो, त्याला एक पैसाही द्यायचा नाही. मग तो कितीही गोड बोलो.

हो, सुशीलेचं काय झालं ते राहिलंच!

वर्गातल्या २५ मुलांनी दहा-दहा रुपये दिले. झाले २५० रुपये. ज्यांच्याजवळ नव्हते त्यांनी दिले नाहीत, आणि त्यांना कुणी चिडवायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. त्यातल्या दोघींनी तर पैशांऐवजी कांदे चिरून दिले. चुरमुरे, शेंगदाणे, डाळवं, कांदे, तेल, लिंबं आणि द्रोण मिळून खर्च आला २३८ रुपये. आजीनं फोडणी दिली आणि ४५ द्रोण भरले. पैसे दिलेल्यांना एक-एक द्रोण ठरलेला. उरलेले द्रोण १५ रुपयांना एक, असे विकायचे.

दुपारी दोनपर्यंत सगळे द्रोण संपले. संपायच्या आधी तिच्या लक्षात आलं, की वर्गणी दिलेला एक मुलगा तापानं घरीच आहे. त्याच्या वाट्याचा द्रोण झाकून ठेवला होता. शाळा सुटेपर्यंत तो आला नाही तेव्हा तिनं तो विकला. दुसऱ्या दिवशी मी काही सांगायच्या आतच त्याच्या घरी जाऊन दहा रुपये परत देऊन आली. म्हणाली, "बाई, त्यानं खाल्ली नाही, मग त्याचे पैसे मी कामून ठेवू?"

नंतर तिनं फळ्यावर हिशेब लिहिला. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. खिडकीजवळच्या त्या मुलीनं उभं राहून तो तपासला. शिल्लक किती निघाली ते मी सांगणार नाही. वरचे आकडे घेऊन तुम्हीच काढा. (सूचना – परत दिलेले दहा रुपये विसरू नका!)

शिलकीतून तिनं आजीला चष्म्याची दांडी बसवून आणली आणि उरलेले पैसे डब्यात ठेवलेत. पुढच्या वर्षी वर्गणी मागणार नाही म्हणते. "आता माझंच भांडवल हाय!"

माझ्यापुरतं सांगायचं तर वर्गात आता एक वही टांगली आहे. वर्गाच्या नावानं एक रुपया आला तरी त्यात लिहायचा, एक रुपया गेला तरी लिहायचा आणि ती वही कुणीही, कधीही उघडायची. ऐंशी पानी साधी वही आहे. पण ती टांगल्यापासून वर्गणी मागताना माझे कान गरम होत नाहीत.

घरी करून बघा – तुमच्या गावात लोकवर्गणीतून काय काय उभं राहिलंय, ते आजी-आजोबांना विचारा. देऊळ, पार, शाळेची खोली, वाचनालय, काहीही असेल. पैसे कुणी गोळा केले? हिशेब कुणी ठेवला? दहा ओळी लिहून काढा.

पालकांसाठी दोन शब्द – मुलांना इंटरनेटवर कुणालाही परस्पर पैसे पाठवू देऊ नका. मोबाईलवर मदतीचं आवाहन आलं तर आधी त्या माणसाशी किंवा दवाखान्याशी बोलून खात्री करा. आणि 'नव्या कंपनीचे शेअर घ्या, दुप्पट मिळतील' असं सांगणाऱ्या संकेतस्थळांपासून लांबच राहा. मान्यता नसलेल्या अशा ठिकाणांबद्दल 'सेबी' या सरकारी संस्थेनं २०१६ सालीच लोकांना सावध केलं आहे. आणखी एक. घरातल्या खर्चाबद्दल मुलांनी काही विचारलं तर 'तुला काय करायचंय?' म्हणून गप्प करू नका. आज घरात हिशेब विचारणारं मूल उद्या गावातही विचारील.

बरंय तर मग, पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर शिल्लक काढून ठेवा!

तुमची,
बाई